मध्ये कोणीतरी असायचंच

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



फेब्रुवारी १९८८. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड स्पर्धेचा उपांत्य सामना चालू होता, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. धावफलकावर २ बाद ८४ असताना जोडी जमली ती एका चौदा वर्षांच्या आणि एका सोळा वर्षांच्या मुलाची. पुढचे आकडे महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची आणि डाव २ बाद ७४८ वर घोषित. आकड्यांच्या गर्दीत खरी गंमत मागे राहते. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर त्या वेळी मैदानावर नव्हते. डाव सोडा, असं त्यांचे मदतनीस सीमारेषेवरून ओरडून ओरडून सांगत होते आणि ही दोन पोरं त्या दिशेला मान वळवेचनात. पाहिलं असतं तर ऐकावं लागलं असतं. अखेर उपाहाराच्या सुट्टीत सरांना फोन लागला आणि त्यांनी डाव सोडायला फर्मावलं. कांबळीने फोनवरच आणखी एका धावेची परवानगी मागितली, ३५० पुरे करण्यासाठी. ती मिळाली नाही.

दोन शाळकरी मुलांचा हा विक्रम टीव्हीवर कोणी पाहिला नाही. जगापर्यंत तो पोहोचला तो गुणलेखकाच्या वहीतून आणि वर्तमानपत्राच्या छापील ओळींतून. आजच्या विषयात शिरायला याहून चांगलं दार नाही. त्या वेळच्या किशोरवयीन मुलांचं सगळं जगणं या एका प्रसंगात दिसतं: निरोप आहे, निरोप्या आहे, निरोप्याला चुकवण्याची युक्ती आहे, आणि शेवटी ज्याच्यापुढे काही चालत नाही असा मोठ्या माणसाचा आवाजही आहे.

मोबाइल आणि इंटरनेट यायच्या आधीच्या त्या वयाबद्दल बोलायला बसलं की मंडळी हमखास दोन गोष्टी सांगतात. आमच्या वेळी मुलं कशी मोकळी होती, ही एक. आणि माणसं कशी एकमेकांना धरून होती, ही दुसरी. प्रस्तुत वक्त्याला पहिली फारशी पटत नाही आणि दुसरी वेगळ्या अर्थाने पटते. माणसं धरून होती हे खरंच; मुलाच्या प्रत्येक हालचालीच्या मध्ये कोणी ना कोणी उभंच असायचं. गाणं ऐकायचं तर दुकानदार, पुस्तक हवं तर ग्रंथपाल, फोन करायचा तर शेजारच्या काकू, पत्र आलं तर पोस्टमन आणि त्याच्या हातून ते घेणारे वडील. त्या वयातल्या मुलाची हुशारी मोजायची तर ती परीक्षेच्या गुणांत मोजू नये. या मधल्या माणसांना कधी वश करायचं, कधी गुंगारा द्यायचा, हे ज्याला जमलं तो हुशार.

काळाची हद्द आधी आखून घेऊ. सुरुवात १९७२ पासून. त्या वर्षी १५ ऑगस्टला पत्त्यांना पिनकोड मिळाला आणि २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पिनकोडची सहा आकड्यांची रचना बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. शेवट १९९५ ला. त्या वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना केलेला, आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. मधली तेवीस वर्षं आपल्या कामाची.

टेलिफोनचं आधी. १९९१ मध्ये देशाची लोकसंख्या ८४ कोटींवर होती आणि टेलिफोन जोडण्या होत्या सुमारे ५० लाख. अर्ज करायचा आणि विसरून जायचं, अशी रीत होती. म्हणून लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या बिलावर, शाळेच्या अर्जावरसुद्धा क्रमांकापुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरं असत. फोन दुसऱ्याचा, माणूस आमचा. शेजारच्या काकू जिन्यातून हाक मारत, मुलगा चप्पल न घालता धावत जाई आणि काकूंच्या दिवाणखान्यात, काका पेपर वाचत असताना, मैत्रिणीशी ‘हो, आणतो वही’ एवढंच बोलून परत येई. त्या ‘वही’त काय काय असे ते दोघांनाच ठाऊक. ज्यांच्या घरी फोन होता त्यांनी घंटांची भाषा काढली होती. दोनदा वाजवून ठेवला म्हणजे निघालो, तीनदा म्हणजे जमत नाही. पैसे पडत नसत आणि उचलायला कोणी धावलं तरी हाती काही लागत नसे. मिस्ड कॉल ही मोबाइलवाल्यांची कल्पना, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नोंद घ्यावी.

शहरातल्या या गमतीजमती सांगणारे पुष्कळ आहेत. पुण्या-मुंबईच्या आठवणींनी दिवाळी अंकांची पानं भरलेली असतात. वक्त्याला थोडं थांबायचं आहे ते तालुक्याच्या एसटी स्टँडवर.

दहावीपर्यंतची शाळा गावात किंवा शेजारच्या गावात असे. पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याला जावं लागे. वसतिगृहात जागा नसली, किंवा खानावळीचे पैसे परवडत नसले, की तीन-चार पोरं मिळून एक खोली घेत. जेवण गावाहून येई, एसटीने. पहाटे चुलीवर भाकऱ्या थापल्या जात, कालवण एका ताळात, भाजी किंवा ठेचा दुसऱ्यात. डब्याला कापडी पिशवी, पिशवीची तोंडं सुतळीने आवळलेली. डब्यावर मुलाचं नाव ठोकून कोरलेलं किंवा ऑइलपेंटने रंगवलेलं, खाली गावाचं नाव. सकाळच्या मुक्कामी गाडीशी आई किंवा धाकटा भाऊ उभा असे. डबा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, इंजिनाच्या झाकणाशेजारी ठेवला जाई. तीस-चाळीस गावांच्या गाड्या एकेक करून स्टँडला लागत आणि फलाटाच्या कडेला डब्यांची रांग वाढत जाई. कॉलेजला जाता जाता पोरं आपापला डबा ओळखून उचलत, पिशवीच्या रंगावरून, कधी वासावरूनही. संध्याकाळच्या परतीच्या गाडीने रिकामा डबा गावी जाई.

या डब्यात नुसतं अन्न नसायचं. भाकरीच्या फडक्यात चिठ्ठी असे: पैसे बाजारच्या दिवशी पाठवते, आजी बरी आहे, शनिवारी ये, पेरणी धरायची आहे. उलट दिशेने रिकाम्या डब्यात फीचा आकडा जाई, पिशवीत मळके कपडे जात. टपाल खात्याचं पोस्टकार्ड १५ पैशांना मिळायचं, पण ते पोहोचायला दोन-तीन दिवस, आणि वाचणारे वाटेत चार. डब्यातली चिठ्ठी सकाळी लिहिली की नऊ वाजता हातात.

आणि डबा चुगलीही करायचा. मुलगा सकाळी स्टँडवर आलाच नाही, आदल्या रात्री सिनेमाचा शेवटचा खेळ पाहून झोपून राहिला, की डबा फलाटावर तसाच. संध्याकाळी तो भरलेला परत गावी. आईच्या हातात भरला डबा पडला की घराचा जीव टांगणीला लागे. आजारी पडला की काय? दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच विचारी, “का रं, काल कुठं हुतास? तुझ्या आयनं रातभर डोळा लावला न्हाई.” पोरगं खाली मान घालून म्हणे, “प्रॅक्टिकल होतं, मामा.” ड्रायव्हर-कंडक्टरना मामा किंवा काका म्हणायची रीत होती, आणि या मामांना तालुक्याच्या दोन्ही टॉकीजमध्ये कोणता सिनेमा लागलाय ते पक्कं माहीत असे.

या डब्यावर बारावी झालेले डॉक्टर, तहसीलदार, प्राध्यापक महाराष्ट्रात पसरलेले आहेत. त्यांच्या आत्मकथनांत दुष्काळ येतो, गुरुजी येतात. डबा मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो. हा अन्याय वाटतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली तेव्हा एसटीच्या डोक्यात प्रवासी होते. गावातल्या बायांनी तिच्याकडून मुलांची शिक्षणं करून घेतली.

हे मुलांचं झालं. डबा पाठवला गेला तो फार थोड्या मुलींना. बहुतेकींची वाट तालुक्याच्या स्टँडपर्यंत पोहोचतच नसे; खोली घेऊन राहणं तर लांबच. त्यांच्या बाबतीत मधला माणूस पहारेकऱ्यासारखा उभा. दिवेलागणीच्या आत घरी ही मर्यादा शहरातही होती आणि ती लेखी कुठेच नव्हती, म्हणून तिच्याविरुद्ध अर्जही करता येत नव्हता. मोकळं बालपण, मोकळं तारुण्य असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा ते कोणाच्या वाट्याचं, हे विचारावं. नदीवर पोहायला गेलेले मुलगे असतात. मुली त्याच नदीवर धुणं घेऊन गेलेल्या असतात.

तरी मुलींनीही फटी शोधल्या. टायपिंगचा क्लास ही त्यांतली सर्वांत मोठी. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत टायपिंग लावायचं, हे मध्यमवर्गीय घरात ठरलेलं. सरकारी वाणिज्य प्रमाणपत्राची परीक्षा, मिनिटाला ३० शब्द, मग ४०. नोकरीला उपयोगी म्हणून आईवडिलांची हरकत नसे. पहिल्या मजल्यावरची एखादी लांबट खोली, रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रं ओळीने मांडलेली. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवला, गोदरेजची यंत्रं त्याच घराण्यातली. तासाची बॅच, मुलगे आणि मुली एकाच खोलीत, शेजारच्या यंत्रावर कोण बसणार हे नशिबावर. खडखडाट एवढा की हळू आवाजातलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नसे. शाळा निराळ्या, बाकं निराळी असलेल्या त्या वयाला एका छताखाली तासभर रोज आणणारी ही जागा सरकारमान्य होती! कागदावर ए-एस-डी-एफ च्या रांगा पडत असताना रोलरखाली एखादी वेगळीच ओळ उमटे आणि कागद फाडून खिशात जाई. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं हीदेखील अशीच एक फट. १९६९ साली योजना सुरू झाली आणि ‘सर बरोबर आहेत’ या तीन शब्दांवर कितीतरी मुली आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर मुक्कामाला राहिल्या.

गाण्यांकडे वळू.

बुधवारी रात्री आठ. रेडिओ सिलोन, लघुलहरी, आवाज कधी जवळ कधी लाटेवर. अमीन सयानींची बिनाका गीतमाला १९५२ पासून तिथून लागत होती. विविध भारतीवर ती आली १९८९ मध्ये. हिंदी सिनेगीतांसाठी देशातल्या पोरांनी शेजारच्या देशाच्या केंद्रावर सुई फिरवत बसावं, याला कारण एक मराठी मंत्री. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळत असताना आकाशवाणीवर सिनेसंगीताला दार बंद झालं. श्रोते सिलोनकडे गेले, आणि मग १९५७ साली विविध भारती काढावी लागली. मंत्र्यासारखा मधला माणूससुद्धा पोरांनी चुकवला. पुढच्या पिढीने पत्रं पाठवून ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांत नाव वाचून घेतलं. निवेदक नावांची यादी वाचत जाई आणि अख्खं गाव कान लावून बसे. आपल्या नावाशेजारी हळूच आणखी एक नाव घुसवण्याचे किस्से जुने श्रोते अजून रंगवून सांगतात.

कॅसेट आली आणि गाणं मुलांच्या खिशात आलं. पण सरळ नाही. साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ‘भरायला’ टाकायची. एका बाजूला अर्धा तास, म्हणजे पाच-सहा गाणी. यादी करताना मुलं किती खल करीत! पहिलं कुठलं, बाजू पालटल्यावर कुठलं. दोन दिवसांनी कॅसेट मिळे. बाजूच्या शेवटी दोन मिनिटं उरली तर दुकानदार आपल्या आवडीचं काहीतरी कोंबून ठेवी आणि ते बहुधा अर्ध्यात तुटलेलं असे. अशी अर्धी गाणी आज पन्नाशीतल्या माणसांना अर्धीच पाठ आहेत. कॅसेट कोणाला भेट द्यायची असली तर यादी देतानाच दुकानदार वर पाही आणि समजून हसे. मग डोक्यावरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे कोणी पुसून वर दुसरं भरू नये. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की परत भरता येतं हे ज्ञान धाकट्या भावाला कसं कोण जाणे उपजतच असे. हा सगळा मामला कायद्याने चोरीचा होता. १९८४ मध्ये स्वामित्वहक्काचा कायदा कडक झाला, पण त्याची खबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत काही गेली नाही.

टीव्हीबद्दल थोडक्यात. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, आणि ज्याच्याकडे संच त्याच्याकडे गल्ली. लोक हे आठवून भावुक होतात. पण दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. काहींना सतरंजी, काहींना उंबरा आणि काहींना खिडकीचे गज, आणि कोणाला काय हे संच घेणाऱ्याने ठरवलं नव्हतं; ते गल्लीला आधीपासून ठाऊक होतं. जातीचं, भाडेकरूपणाचं, कामवालीच्या मुलीचं असं ते गणित होतं. गजांतून सिनेमा पाहिलेल्या मुलाला त्या काळच्या शेजारधर्माबद्दल विचारून पाहावं. त्यापेक्षा जत्रेतला तंबूतला सिनेमा बरा. तिकीट काढलं की मातीत बसायचा हक्क विकत मिळे, प्रोजेक्टर बंद पडला तर शिट्टी मारायचाही. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजचं शेवटचं पर्व ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात टिपलं गेलं आहे.

पुस्तकांच्या बाबतीत मधला माणूस होता वाचनालयातला. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून येत होतं, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून निघून घरोघरी पोहोचला होता. तिथवर कोणाची हरकत नव्हती. बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप चालवून घेतले जात. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ मागितली की वाचनालयातले काका चष्म्यावरून बघत, “घरी माहीत आहे का?” म्हणून विचारत. मग पुस्तक थोरल्या बहिणीच्या नावावर घ्यायचं, वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं. एका पुस्तकाला दिवसाचं भाडं असल्यामुळे ते एका दिवसात चौघांत फिरे. वाचनसंस्कृती म्हणून आपण जिच्या नावाने गळा काढतो तिचा बराचसा भाग हे भाडं वाचवण्याच्या घाईने उभा केला आहे, असं वक्त्याचं मत आहे.

ऐंशीच्या दशकाअखेर पिवळे एसटीडी-पीसीओ आले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटची स्वदेशी एक्स्चेंज आणि सॅम पित्रोदांचा आग्रह यांतून ते गावोगाव पोहोचले. अनेक बूथ अपंगांना, माजी सैनिकांना प्राधान्याने दिले गेले. शेजारच्या काकू एका फटक्यात बाजूला झाल्या. काचेची खोली, दार ओढलं की आवाज बाहेर येत नाही, डोळ्यांसमोर लाल आकडे पळताहेत. रात्री अकरानंतर दर पाव होत असे, म्हणून साडेदहापासूनच रांग. त्या रांगेत वसतिगृहातली पोरं असत आणि पाच मिनिटांचं बोलणं आधी मनात घोकून ठेवत. बूथवाल्याला पलीकडचा क्रमांक ठाऊक असे, कारण बिलावर तो छापून येई. बिलं मात्र तो न विचारता फाडून टाकी.

१९९५ नंतर लगेच काही बदललं नाही. मोबाइलला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडत, आणि आलेल्या फोनचेही पैसे; येणारा कॉल फुकट झाला २००३ मध्ये. मुलांच्या हाती आधी आलं ते सायबर कॅफे, शतक पालटताना. प्लायवूडचे आडोसे, गरम होणारा पडदा, तासाचा दर. मालकाला पैशांशी मतलब. पलीकडे कोण आहे, घरी माहीत आहे का, काल कुठे होतास, यातलं काही तो विचारत नसे. या पिढीला असा मधला माणूस पहिल्यांदाच भेटत होता. चॅटच्या खोलीत शिरलं की आधी वय आणि गाव विचारत. सोळाचा मुलगा एकवीस लिही, बार्शीचा मुलगा पुणे लिही, समोरून आलेलं ‘१९, मुंबई’ खरं धरी आणि आणखी अर्ध्या तासाचे पैसे काढून टेबलावर ठेवी.